नातवाला ‘कार्टून’ म्हणतात, अन् मी त्याला कार्टूनच दाखवू?

ताई, नमस्कार.

मी एसटीचा रिटायर कंडक्टर. दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो. माह्या नातवाले, वय 8, तिसरीत हाय, दोन वर्षांमागं नागपुरात डॉक्टरनं स्वमग्नता म्हणजे ऑटिझम सांगितला. पोरगं हुशार हाय. कारंजा, पुसद, दिग्रस, यवतमाळ, कोणती गाडी किती वाजता सुटते, सारं तोंडपाठ. पण आमच्याशी बोलत नाही. बोलतो ते टीव्हीतलं. कार्टूनचे डायलॉग, तेही हिंदीत, त्याच आवाजात. घरात आम्ही कोणी हिंदी बोलत नाही. पाहुणे आले की ‘भागो, तूफान आ रहा है’ म्हणते अन् धान्याच्या ढोलीमागं जाऊन बसते. तान्ह्या पोळ्याले साऱ्या पोट्ट्याईनं आपापले लाकडी नंदी मिरवले, यानं नंदी उलटा केला अन् चाकं फिरवत बसला. डीजे लागला तसे कानावर हात, अन् तेच, ‘तूफान आ रहा है’. तवापासून शाळेतले पोट्टे त्याले ‘कार्टून’ म्हणतात. ‘ए कार्टून, डायलॉग मार.’ तो मारतो. ते हसतात. माह्या पोटात कालवते.

त्याच्या बापाचं म्हणणं, टीव्ही-मोबाईलनंच हे झालं, डिश काढून फेका. सून नाही म्हणते. पुण्याच्या नातीनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. दहा-बारा कार्टूनचे फोटो, अन् खाली लिवलं की हे सारे ऑटिझमवाले. त्यात एक तर रोबोट होता, एक परग्रहावरचा. सून म्हणते, यातलं चांगलं शोधून याले दाखवू, शाळेतल्या पोरांनाही दाखवू, त्याईले समजंन. मले पटत नाही. ज्याले कार्टून म्हणून हसतात, त्याले अजून कार्टूनच दाखवाचं काय? हसण्याले जोर नाही येणार? काय करू, सांगजा.

— एक आजोबा

काका, नमस्कार.

तुम्ही लिहिलंत, ‘आमच्याशी बोलत नाही.’ आणि पुढच्याच ओळींत तो तुमच्याशी दोनदा काय बोलला ते शब्दन् शब्द लिहून पाठवलंत. घरात पाहुण्यांचा गलबला झाला, तो म्हणाला तूफान येतंय. मिरवणुकीत डीजे वाजला, तो म्हणाला तूफान येतंय. पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा इथेच थांबले. गोलू (त्याचं नाव मी बदललं आहे) तुम्हाला सांगून राहिलाय की हा आवाज मला सोसत नाही, मला इथून काढा. दुसरं एखादं पोरगं ‘आबाजी, लय गोंगाट होऊन राहिला’ म्हणालं असतं. याच्याजवळ ते वाक्य तयार नव्हतं, म्हणून आपल्या साठ्यातलं सगळ्यात जवळचं वाक्य त्यानं काढलं. आणि बघा, वाक्य किती नेमकं निवडलंय.

ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं, पुष्कळदा त्याच आवाजात, काही तासांनी नाहीतर काही महिन्यांनी पुन्हा बोलणं, याला इकोलालिया म्हणतात. पूर्वी तज्ज्ञ लोक याला निव्वळ पोपटपंची समजत आणि ती मोडून काढायला सांगत. 1980 च्या दशकात बॅरी प्रिझंट नावाच्या अमेरिकी वाचातज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मुलांची अशी वाक्यं बारकाईनं तपासली. कधी बोललं, समोर कोण होतं, आधी काय घडलं. तेव्हा दिसलं की या वाक्यांना कामं असतात. कुठे मागणी असते, कुठे नकार, कुठे स्वतःलाच दिलेला धीर. बाकीची मुलं शब्दाला शब्द जोडून वाक्य बनवतात. ऑटिझम असलेली बरीच मुलं आख्खं वाक्य एका तुकड्यात उचलतात, ज्या प्रसंगात ते ऐकलं त्या प्रसंगासकट. पुढे हळूहळू त्याचे बारके तुकडे पाडून त्यांतून आपलं बोलणं रचू लागतात.

मग कार्टूनमधूनच का? तुम्ही ‘जेवायला ये’ हे सकाळी एका आवाजात म्हणता, संध्याकाळी थकून आल्यावर दुसऱ्या. चेहरा वेगळा, घाई वेगळी. कार्टूनमधलं वाक्य शंभर वेळा ऐकलं तरी तेच राहतं. डोळे मोठे, राग आला तर लालबुंद, भीती वाटली तर केस उभे, आणि वादळ येण्याआधी संगीत सांगून जातं की आता येणार. माणसांच्या चेहऱ्यावरचं ज्याला भराभर वाचता येत नाही, त्याच्यासाठी हे ठळक अक्षरात लिहिलेलं पुस्तक आहे. हवं तितक्या वेळा मागे नेता येतं आणि ते कधी चिडत नाही.

हिंदीचं तुम्हाला फार लागलेलं दिसतं. घरात वऱ्हाडी, पोराच्या तोंडी टीव्हीची हिंदी, जणू ते आपलं राहिलंच नाही. काका, हे जगात इतरत्रही दिसलं आहे. ट्युनिशिया या अरबी देशातल्या ऑटिझम असलेल्या मुलांचा एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे घराघरात बोली अरबी बोलतात आणि प्रमाण अरबी कोणीच घरी बोलत नाही. पण ही मुलं बोलत होती ती प्रमाण अरबी, टीव्हीवर, कार्टूनमध्ये ऐकलेली. तिथल्या आजोबांनाही असंच वाटलं असेल. गोलूनं तुमची भाषा नाकारलेली नाही. जी भाषा दर वेळी सारखी ऐकू येते, ती त्याच्या हाताला आधी लागली, एवढंच.

आणखी एका घराचं सांगते. रॉन सस्किंड या अमेरिकी पत्रकाराचा मुलगा ओवेन. तीन वर्षांचा होईस्तोवर बोलणारं लेकरू, मग बोलणं गेलं. नंतर तो एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायचा, ‘जूसरव्होज’. घरच्यांना वाटलं ज्यूस मागतो. एक दिवस सगळे मिळून त्याचा आवडता कार्टूनपट बघत होते, त्यात एका जलपरीचा आवाज हिरावून घेतला जातो. ओवेन तोच प्रसंग मागे नेऊन पुन्हा पुन्हा लावत होता. तेव्हा आईच्या ध्यानात आलं की तो ‘जस्ट युवर व्हॉइस’ म्हणतोय, ‘फक्त तुझा आवाज’. पुढे त्या घरानं कार्टूनच्या संवादांतूनच त्याच्याशी बोलायला सुरुवात केली, आणि वर्षानुवर्षं लागून का होईना, ओवेनचं बोलणं उभं राहिलं. प्रत्येक मुलाचं असं होईल, असं मी म्हणत नाही. पण आईबापांनी ऐकण्याची दिशा बदलली, तिथून सुरुवात झाली.

तर पहिलं काम. तुम्ही आयुष्यभर वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, भरलंत. तशीच एक वही करा. गोलू कोणता डायलॉग बोलला, किती वाजता, कुठे, त्याआधी काय झालं होतं, आणि बोलल्यावर त्यानं काय केलं. त्या वेळी अर्थ लावत बसू नका, नुसतं भरा. पंधरा दिवसांत तुम्हाला दिसायला लागेल की ‘तूफान’ म्हणजे गोंगाट, आणि बाकीच्या डायलॉगांतला एखादा म्हणजे भूक, एखादा म्हणजे ‘आबाजी, माझ्याजवळ बसा’. मी वीस वर्षं खेड्यापाड्यांतल्या शाळा फिरले. अशी वही घालणाऱ्या घरांत मला हमखास कोणीतरी सांगायचं, अरे, हा तर कधीचा बोलून राहिला होता.

अर्थ लागला की त्याच्याच भाषेत उत्तर द्या. पाहुणे येणार असतील तर आदल्या रात्री सांगा, ‘उद्या चार वाजता तूफान येणार, साडेपाचला जाणार.’ पाटीवर लिहा, आगमन 4.00, प्रस्थान 5.30. ज्या पोराला दारव्ह्याच्या सगळ्या गाड्या पाठ आहेत, त्याला तूफानाचंही वेळापत्रक मिळालं तर त्याला केवढा आधार होईल! पाहुण्यांना मात्र साडेपाचला खरोखर निरोप द्यायचा, नाहीतर त्या पाटीवरचा त्याचा विश्वास उडेल. आणि ढोलीमागची जागा त्याचीच राहू द्या. तिथे गोधडी टाका, त्याचा नंदी ठेवा. तिथून ओढून काढून ‘पाहुण्यांच्या पाया पड’ करू नका. पाहुण्यांना राग आला तर येऊ द्या. थोड्या वेळानं ‘तूफान गेलं, गोलू’ असं तुम्हीच सांगा. एक दिवस तो स्वतःहून ‘तूफान गेलं’ म्हणेल, तेही वऱ्हाडीत, अशी मला आशा आहे. त्याच्या तुकड्याचा मराठी तुकडा असाच पडतो.

आता तुमच्या मुलाचं म्हणणं. टीव्हीनं ऑटिझम होत नाही. तो जन्मापासूनच्या मेंदूच्या घडणीतला फरक आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. 1977 साली ब्रिटनमध्ये जुळ्यांच्या 21 जोड्यांचा अभ्यास झाला होता. तेव्हापासून हेच दिसत आलंय की हुबेहूब जुळ्यांत दोघांनाही ऑटिझम असणं, वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं. त्याआधी, 1950-60 च्या काळात, आईच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो असं मोठमोठे लोक सांगत. किती आया त्या आरोपाखाली जळाल्या असतील. ते साफ खोटं ठरलं. आता आईच्या जागी मोबाईल उभा केला जातोय. बापाला बोल लावू नका, त्यालाही कारण हवंय, ज्याच्यावर राग काढता येईल असं काहीतरी. टीव्हीची वेळ ठरवा, जेवताना आणि झोपण्याआधी बंद, हे बरोबर. मात्र डिश काढून फेकणं म्हणजे जो बोलायला शिकतोय त्याची अंकलिपी चुलीत घालणं. टीव्ही चालू असताना कोणीतरी शेजारी बसावं, एवढं त्याच्या बाबांना सांगा. बापच बसला तर उत्तम.

पुण्याच्या नातीनं दाखवलेल्या व्हिडिओबद्दल माझं मत स्पष्ट आहे. त्यात दोन गोष्टींची सरमिसळ झालीय. काही पात्रं ऑटिझम असलेली आहेत, असं ती बनवणाऱ्यांनीच सांगितलंय. बाकीच्या बऱ्याच पात्रांत बघणाऱ्यांना तसं वाटलं, म्हणून त्यांनी नाव जोडलं. दुसऱ्या प्रकाराला मी वाईट म्हणणार नाही. ऑटिझम असलेली मोठी माणसं सांगतात की लहानपणी पडद्यावर स्वतःसारखं कोणीच नव्हतं, तेव्हा एखादा चमत्कारिक शास्त्रज्ञ, एखादा सरळसोट बोलणारा रोबोट त्यांना आपला वाटला. ज्याला पंगतीत पान मिळालं नाही, तो जिथे ताट दिसलं तिथे बसला. पण रोबोट आणि परग्रहवासी यांचं मला दुखतं. एकसुरी बोलणं, डोळ्याला डोळा न देणं, विनोद न कळणं, हे सगळं जेव्हा वर्षानुवर्षं फक्त यंत्राला आणि परग्रहावरच्याला दिलं जातं, तेव्हा बघणारी पोरं काय शिकतात? की असं बोलणारा माणूस नसतोच. तुमच्या शाळेतल्या पोरांनी ‘कार्टून’ हा शब्द काही आभाळातून आणला नाही.

म्हणून सुनेचा विचार मला पटतो, काका. त्या व्हिडिओतली यादी बाजूला ठेवा आणि नीट केलेलं तेवढं बघा.

तुमच्या घरासाठी मी पहिला निवडते तो ब्रुनो. ‘थॉमस अँड फ्रेंड्स’ या आगगाड्यांच्या कार्टूनमध्ये 2022 साली एक नवा डबा आला. इंजिन नव्हे, गाडीच्या शेवटी असतो तो ब्रेकचा डबा, आपल्याकडचा गार्डचा डबा. त्याला वेळापत्रक आवडतं. ठरलेलं ठरल्यासारखं झालं की तो खूश, अचानक बदललं की त्याला जड जातं. त्याच्या अंगावर एक कंदील आहे, तो हलतो त्यावरून तो आनंदात आहे की सावध झालाय ते बाकीच्यांना कळतं. सगळ्यांत मागे, उलट्या तोंडानं धावत असल्यामुळे त्याला जे दिसतं ते पुढच्यांना दिसत नाही. आणि ब्रिटनमध्ये त्याला आवाज दिला तो 9 वर्षांच्या, स्वतः ऑटिझम असलेल्या मुलानं.

तुमच्या वयाच्या दारव्हेकरानं शकुंतला पाहिलीच असणार. यवतमाळ–मूर्तिजापूरची ती अरुंद रुळांची गाडी, 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावणारी. तिचा शेवटचा डबा, हिरवं निशाण दाखवणारा गार्ड. आणि तुम्ही स्वतः एसटीचे कंडक्टर, म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूचा सगळा कारभार ज्याच्या हातात, आणि ज्याच्या डबल बेलशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, तो माणूस. ब्रुनो गोलूला कोणी समजावून सांगायचा असेल तर सगळ्या यवतमाळ जिल्ह्यात तुमच्याइतका लायक माणूस मला दिसत नाही. इंग्रजी आवाज बंद करा. चित्र चालू द्या, आणि तुम्ही वऱ्हाडीत सांगा. ‘हा गार्डचा डबा. याले टाइमटेबल पाठ. आता पाय, कंदील कसा हालून राहिला.’

गोलूला ब्रुनो आवडेलच असं नाही. तो उठून गेला तर जाऊ द्या, महिनाभरानं पुन्हा लावा. आणि चुकूनही ‘हा पाय, तुह्यासारखा’ म्हणू नका. सारखा आहे की नाही ते ठरवण्याचा हक्क त्याचा.

मात्र एका पात्राला पकडून बसू नका. वेळापत्रक पाठ असलेला डबा पाहिला की लोकांना वाटतं, ऑटिझम असलेली सगळी मुलं आकड्यांत हुशार. मग गावात कोणी तुम्हाला विचारील, ‘याले गणितात किती?’ आणि चांगले मार्क पडले नाहीत तर म्हणेल, ‘मंग कायचा ऑटिझम?’ म्हणून दुसरं एक, ‘पाब्लो’. 2017 चं, उत्तर आयर्लंडमध्ये बनलेलं. पाब्लो पाच वर्षांचा. बाहेर काही अडलं की खडूंनी चित्रं काढतो, आणि त्यातले सहा प्राणी जिवंत होऊन त्याला साथ देतात. आवाजाचा आणि वासाचा त्रास होणारी एक उंदरीण आहे. चेहऱ्यावरचे भाव ओळखताना अडणारा डायनासोर आहे, सतत माहिती सांगणारा जिराफ आहे, आणि ऐकलेलं पुन्हा म्हणणारा लामा नावाचा प्राणी आहे, आपल्या ‘तूफान’सारखा. एका मुलाच्या डोक्यातल्या या सहा तऱ्हा. त्यांना आवाज देणारेही सगळे ऑटिझम असलेले. तसंच 2024 च्या शेवटी अमेरिकेत सुरू झालेलं ‘कार्ल द कलेक्टर’. कार्ल हा रॅकून (तिकडचा एक जंगली प्राणी), नाना वस्तू गोळा करून नीट लावून ठेवणारा. त्याच्या मित्रमंडळात लोट्टा नावाची कोल्हीण आहे, तिलाही ऑटिझम, आणि दोघं एकमेकांसारखी नाहीत. ऑटिझम असलेली दोन पात्रं एकाच गोष्टीत आली की बघणाराला आपोआप कळतं, हा एक साचा नाही.

लोट्टावरून एक आठवलं म्हणून सांगते, तुमच्या प्रश्नात नसलं तरी. मुलींचा ऑटिझम आपल्याकडे लाजाळूपणात खपून जातो. ‘पोरगी लय शांत हाय, गुणाची हाय.’ वर्गाच्या कोपऱ्यात बसून ओढणीचं टोक तासन् तास बोटावर गुंडाळणारी पोरगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून कोणी तिच्याकडे पाहत नाही. गोलूच्या शाळेत तशी कोणी असेल तर सुनेला सांगा, तिच्या आईशी बोलायला.

आता शाळा. तुमची भीती मी मोडीत काढत नाही. वर्गात टीव्ही लावला, सरांनी म्हटलं ‘मुलांनो, हा बघा ब्रुनो, आपल्या गोलूसारखा’, की सगळी पोरं मागे वळून गोलूकडे बघतील, आणि दुपारच्या सुट्टीत ‘कार्टून’ ऐवजी ‘ब्रुनो’ म्हणून चिडवतील. हे असं घडलेलं मी पाहिलंय. म्हणून वर्गात त्याचं नाव जोडायचं नाही, ‘ऑटिझम’ हा शब्दही पहिल्या दिवशी काढायचा नाही.

वर्गासाठी मी ब्रुनोपेक्षा ‘लूप’ घेईन, पिक्सार या अमेरिकी कार्टून कंपनीची 2020 ची नऊ-दहा मिनिटांची गोष्ट. तळ्यात एक नाव, नावेत दोन मुलं. त्यातल्या रेनेला ऑटिझम आहे, ती शब्दांनी बोलत नाही. तिला आवाज दिला तोही तशाच एका मुलीनं. दुसरा मुलगा भारी बडबड्या, आधी वैतागतो, काय करावं त्याला सुचत नाही. मध्येच एक वेळ अशी येते की तिला सगळं असह्य होतं आणि ती काठावर उलट्या नावेखाली जाऊन बसते. बघा, हीच ती ढोली. आणि तो मुलगा तिला ओढत नाही. हसतही नाही. तिला हाताला आवडणारं एक लव्हाळं तिच्याजवळ ठेवतो, थोड्या अंतरावर बसतो आणि थांबतो.

सरांनी पोरांना त्या मुलाबद्दल विचारावं. रेनेला काय झालंय हे नको, या पोरानं काय काय केलं ते विचारावं. आधी काय चुकलं, मग काय जमलं, तू असतास तर काय ठेवलं असतंस तिच्याजवळ. मला या साऱ्या कार्टूनांतून जे मिळालं ते हेच आहे, काका. आपण मोठी माणसं त्या पात्रात आपलं लेकरू शोधत बसतो, जुळलं की रडतो, नाही जुळलं की चिडतो. पण आठ वर्षांच्या पोरांना त्यातून लागतं ते शेजारी कसं बसायचं ते. हे त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं. त्यांनी आजवर पाहिलेल्या कार्टूनांत वेगळा दिसला की टपली मारायची, आणि मागून हसण्याचा आवाज येतो.

‘डायलॉग मार’ हे मात्र कार्टूननं थांबणार नाही, ते सरांनीच थांबवायला हवं. गोलू डायलॉग मारतो कारण त्याला वाटतं, पोरं आपल्याशी बोलून राहिलीत. त्याला त्यावरून रागावू नका, त्याची मैत्रीची इच्छा खरी आहे. सरांना भेटा, एकटे नका जाऊ, मुलाला सोबत न्या, बाप वर्गात आला की पोरांवरही फरक पडतो. आणि पोरांना डायलॉगच्या जागी दुसरं काही द्या. गावात कोणाला दवाखान्यात जायचं असतं, कोणाला बाजाराला. ‘गोलू, कारंजा गाडी किती वाजता?’ हा खरा प्रश्न आहे, खरं उत्तर लागणारा. दोन-तीन पोरांनी रोज खरोखर कामापुरतं विचारलं तरी पुरे. उगाच परीक्षा घ्यायला दहा जण जमले तर तेही ‘डायलॉग मार’च झालं, तेवढं सांभाळा.

एक-दोन कोरड्या गोष्टी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचं नाव स्पष्ट आहे, एकूण 21 प्रकारांत. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर काढा. शाळेसाठी समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक असतात, त्यांना शाळेत यायला पंचायत समितीतून सांगता येतं. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला 1 लाखापर्यंतचा खर्च बसतो आणि त्यात थेरपीही धरतात. एसटीच्या सवलतीचं तुम्हाला मी काय सांगू.

आणि ‘स्वमग्न’ या शब्दाबद्दल माझं एक गाऱ्हाणं आहेच. 1943 मध्ये लिओ कॅनर या डॉक्टरनं 11 मुलांबद्दल लिहिलं, तेव्हापासून हे नाव रूढ झालं, ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः या ग्रीक शब्दावरून. मराठीत त्याचं स्वमग्न झालं. ऐकणाऱ्याला वाटतं, हे पोरगं स्वतःतच बुडालंय, त्याला कोणाचं पडलं नाही. तुमचा गोलू पाहुण्यांचा आवाज ऐकतो, डीजे ऐकतो, पोरांची हाक ऐकतो, आणि प्रत्येकाला उत्तर देतो. प्रमाणपत्रावर तो शब्द असू द्या, घरात नको.

येत्या रविवारी ब्रुनो लावून पाहा. आवाज बंद, बाजूला तुम्ही आणि त्याचे बाबा, गोलू बसला तर बसला. शेवटचा डबा आला की तुमच्या जुन्या सवयीनं तोंडानं डबल बेल द्या, टन् टन्, आणि चित्र थांबवा. त्यानंतर गोलू जे काही बोलेल, हिंदीत, वऱ्हाडीत, नुसता आवाज काढेल, तेही वहीत भरा, वेळेसकट. मला पाठवा.

तुमची ताई